पावाच्या वाटीला बुक्की

युरोपात मी फक्त एकदाच हात उचलला, आणि तोही पावावर.

आमची लेक केतकी लग्नानंतर पोलंडातल्या क्राकूव शहरात राहते. तिथं तिनं एक काम शोधलं. पर्यटकांना जुन्या शहरातून पायी फिरवायचं आणि ठिकठिकाणी तिथलं पारंपरिक खाणं खाऊ घालायचं. (सोलापुरात हेच काम आम्ही पाहुण्यांसाठी फुकट करतो.) पण काम अजून पक्कं नव्हतं. त्या दिवशी सहल-कंपनीची मालकीण स्वतः सोबत फिरून परीक्षा घेणार होती. ऐन वेळी दोन पर्यटक गळाले, म्हणून केतकीनं त्यांच्या जागी आम्हा नवरा-बायकोला घेतलं.

"आप्पा, तुमी फक्त खायचं. ओळख दाखवायची न्हाई," तिनं बजावलं.

"खायलाच तर आलोय की," मी म्हणालो.

सुरुवात बरी झाली. मोठ्या चौकातल्या हातगाडीवर कड्यासारखे गोल पाव होते, माणशी एक तुकडा. मग एका तळघरातल्या खानावळीत बटाटा आणि चीज भरलेल्या, उकडलेल्या करंज्या. त्याही मोजक्याच.

"तळायच्या राहिल्या वाटतं," आमची सौ. शैला कानाशी पुटपुटली. ती बार्शीची. दुसऱ्याच्या करंजीत तिला खोट दिसतेच.

"हळू बोल. मालकीण ऐकायली."

"तिला मराठी येतंय व्हय?"

केतकी मात्र झकास बोलत होती. कुठला दरवाजा कशासाठी बांधला, कुठल्या गल्लीत मिठाचे व्यापारी उतरायचे, सगळं तोंडपाठ. या कामासाठी पोरगी तिथली भाषा शिकली होती, रात्री-बेरात्री पुस्तकं घेऊन बसली होती. मालकीण पांढराशुभ्र कोट घालून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता ऐकत होती. ती हसली नाही की केतकीचा आवाज बारीक व्हायचा आणि माझा जीव खालीवर. शिवाय चालून चालून भूक कडकडून लागलेली.

तिसऱ्या ठिकाणी प्रत्येकासमोर लाकडी फळीवर एक अख्खा गोल पाव आला. वरची चकती कापलेली, आतला गाभा काढलेला आणि त्या पोकळीत वाफाळतं सूप, वर उकडलेल्या अंड्याच्या फोडी. राय नावाच्या धान्याचं पीठ आंबवून हे सूप करतात. मी एक चमचा चाखला. थेट आमच्या आंबिलीची चव!

पावाचं कवच तर टिचकी मारली की वाजत होतं. आता सोलापूरच्या माणसासमोर आंबट पातळ कालवण आणि कडक भाकरी एकत्र आली, की डोकं थांबतं आणि हात चालतो. भाकरीवर बुक्की, मग चुरा, चुऱ्यावर कालवण, आणि मग पाची बोटं. चमच्यानं खायचं ते आजारपणात. मी चकती झाकण म्हणून परत वर ठेवली (सांडू नये म्हणून, एवढी अक्कल शाबूत होती) आणि बुक्की हाणली.

घरी खाली परात असते. इथं सपाट फळी होती. पाव चहूबाजूंनी उलला आणि सूप समोर उडालं. समोर मालकीण बसली होती. उकडलेल्या अंड्याची एक फोड तिच्या कोटावर बरोबर मधोमध चिकटली.

"अहो, हे काय करायलाव?" शैला म्हणाली.

"कुस्करायलोय की."

शेजारच्या चष्मेवाल्या आजोबांना वाटलं, हीच इथली रीत असावी. त्यांनी मूठ वळली. केतकी "नो, नो" म्हणेपर्यंत त्यांचाही पाव फुटला आणि त्यांच्या बायकोची पर्स भिजली.

मालकीण सावकाश उठली. माझ्याकडे बोट करून तिनं केतकीला विचारलं, "यांना ओळखतेस?"

मी मानेनं खुणावलं, नाही म्हण. पोरीच्या कष्टांवर मी सूप ओतलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझे वडील आहेत," केतकी म्हणाली.

मग तिनं सगळ्यांना सांगितलं, की आमच्याकडे पाऊस कमी, ज्वारी जास्त. भाकरी वाळवून कडक केली की कितीतरी दिवस टिकते. ती बुक्कीनं फोडतात, कालवणात भिजवतात. आणि हे आंबट सूपसुद्धा असंच, घरात फक्त पीठ असणाऱ्यांनी शोधलेलं. तिचा आवाज आता जराही बारीक नव्हता. आजोबा भिजलेली पर्स हातात धरून ऐकत होते. मला तिचा फार अभिमान वाटला, पण दाखवायची सोय नव्हती, बाहीतून सूप गळत होतं.

मालकिणीनं कोटावरची फोड काढून फळीवर ठेवली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

काम पक्कं झालं. मात्र त्याच दिवशी मालकिणीनं एक नवा नियम लागू केला: मार्गदर्शकांच्या आई-वडिलांना सहलीत घ्यायचं नाही. शैला म्हणते, यात आई उगाच भरडली गेली. असेल. पण सोलापुरात माझ्या नावानं एखादा बोळसुद्धा नाही, आणि युरोपात आख्खा नियम आहे.