पहाऱ्यातून निसटलेला धूर

आप्पासाहेबांच्या हृदयात स्प्रिंग बसवली, त्या दिवसापासून सारजाबाई त्या हृदयाच्या फौजदार झाल्या. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर यांनी बरणीच फडताळाच्या वरच्या फळीवर चढवली. तूप बंद, पापड बंद, लोणच्याचा तर वासही बंद. जन्मभर एसटीत कंडक्टरकी करून अख्ख्या गाडीला दरडावणारे आप्पासाहेब मूठभर शेवेसाठी स्वतःच्याच स्वयंपाकघराबाहेर घुटमळायचे. पाहुणा मिठाई घेऊन आला की सारजाबाई दारातच पुडा ताब्यात घेत आणि मगच त्याला आत सोडत.

सिडकोतल्या त्यांच्या बैठ्या घरापुढं बदामाचं झाड होतं आणि थंडीत त्याला पानं गाळण्यापलीकडे काही काम नसे. दिवस उगवायच्या आत सारजाबाई खराट्यानं अंगण झाडत, पाल्याचा ढीग करत, त्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्या टाकत आणि काडी ओढत. झाडलेलं पेटवलं नाही तर अवदसा घरात परत येते, अशी पिशोर गावच्या त्यांच्या सासूची शिकवण. सासू जाऊन जमाना झाला, पण तिच्यापुढं बोलायची सारजाबाईंची अजून छाती नव्हती. जाळ लागला की आप्पासाहेब शाल पांघरून, खुर्ची ओढून शेजारी बसत. बिनसाखरेचा चहा येई आणि दोघं पिशोरच्या गप्पा मारत.

यंदा पौषात आप्पासाहेबांची छाती सकाळी सकाळी भरून यायला लागली. फाटकापर्यंत गेले तरी दम लागे, हात छातीवर जाई. सारजाबाई धास्तावल्या. पण भीती वाटली की रागवायचं, हा त्यांचा जुना खाक्या.

"तुमी चोरून कचोरी खाता."

"अगं, नाय खात. तुझी आण."

"माझी आण खाता, मग कचोरी का नाय खाणार?"

त्यांनी आप्पासाहेबांचा सदरा हुंगला, खिसे उलटे केले आणि एक दिवस थेट चौकातल्या कचोरीवाल्याला गाठलं. त्या बापड्यानं कानाला हात लावले. आप्पा पूर्वी तरी यायचे, असं म्हणून वर हळहळलाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

शेवटी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टर आमरीन आप्पासाहेबांना प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं सारजाबाई देत होत्या. झोप कशी, जेवण काय, गोळ्या कधी, सगळं तोंडपाठ. कागद बघून झाले, छाती तपासायला आमरीन खाली वाकल्या आणि थबकल्या.

"आप्पा, शालीला धुराचा वास येतोय. कुठं बसता सकाळी?"

"अंगणात, पाल्याच्या जाळाशी," या वेळी उत्तर आप्पासाहेबांनीच दिलं; सारजाबाई शालीचं टोक नाकाशी नेऊन बघत होत्या. शाल, सदरा त्यांनी कितीदा तरी हुंगला होता, पण त्यांना फक्त कचोरीचं तेल हुडकायचं होतं.

"या धुरात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात," आमरीन सांगू लागल्या. "ते छातीत जातात, तिथून रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या सुजतात, आवळतात, रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढतो. आधीच दुखावलेल्या हृदयाला हे झेपत नाही. गाड्यांचा धूर, रस्त्याची धूळ तर आहेच, आणि थंडीत ते सगळं खालीच साचून राहतं. त्यात तुम्ही जाळाजवळ बसता. पुन्हा झटका येऊ शकतो, आप्पा. पेटवतं कोण?"

"गल्लीतली पोरं," आप्पासाहेब चटकन म्हणाले.

सारजाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. जन्मात कुणाला फुकट तिकीट न दिलेला हा माणूस बायकोसाठी धडधडीत खोटं बोलत होता.

"मी पेटविते," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

गोळ्या बदलून, तपासण्या लिहून घेऊन ती दोघं रिक्षात बसली. रिक्षा सुरू होताच सारजाबाईंनी विचारलं,

"धुरानं छातीत लागत व्हतं, व्हय?"

"लागायचं थोडं."

"मग उठून आत का नाय गेला?"

आप्पासाहेब बाहेर बघत म्हणाले, "तेवढाच येळ तू माझ्याशी गोड बोलायचीस."

सारजाबाईंना चिडायचंसुद्धा सुचलं नाही. त्यांनी फक्त शाल नवऱ्याच्या अंगावरून काढली आणि स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी शिंपडून अंगण झाडलं. पाला झाडाच्या बुडाशी खड्ड्यात लोटला, वर माती ओढली आणि मनातल्या मनात सासूला सांगितलं, आता रागवा नाहीतर काय करा. ऊन वर आल्यावर त्यांनीच ओट्यावर खुर्ची मांडली, धुतलेली शाल दिली, चहा आणला आणि समोर बसल्या. आप्पासाहेबांनी जरा जपूनच पिशोरच्या बाजाराची गोष्ट काढली.

एवढ्यात समोरच्या राहतभाईंनी आपल्या ढिगाला काडी लावली. सारजाबाई तटकन उठल्या, बादली उचलली आणि रस्ता ओलांडून सगळी त्या ढिगावर पालथी केली.

"अरे, क्या हुआ भाभी?" राहतभाई ओल्या पायजम्यानिशी ओरडले.

"जाळू नका, भाईसाहेब! आमच्या मालकाचं काळीज हाये तिथं!" त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं.

साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. आप्पासाहेब कानापर्यंत लाल झाले. सारजाबाई परत आल्या, बादली ठेवून समोर बसल्या.

"हं, बाजाराचं काय म्हणत व्हता?" त्यांनी विचारलं, आणि जाळ नसूनही त्यांचा आवाज गोडच होता.