आधी पाणी

काम मला येतं; मुलाखतीला, कामाबद्दल बोलायला बोलावलं की तिथेच घोडं पेंड खातं. मी ऑटिस्टिक आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघू लागले की त्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि ऐकू लागले की नजर भिंतीकडे जाते. कल्याणच्या दोन ऑफिसांनी मला "कॉन्फिडन्स नाही" म्हणून परत पाठवलं होतं. चुलत्यांच्या मते तर ही निव्वळ शिष्टपणाची लक्षणं. त्यांच्याशी वाद घालायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

वाशिंदच्या एका कारखान्यातून माल तपासणीच्या कामासाठी बोलावणं आलं, तेव्हा आईने कंबर कसली. मुरबाडजवळच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी ती मुलाखत घेणारा साहेब होऊन ओटीवर बसायची. पण आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय कुणी काही विचारत नाही. त्यामुळे हा साहेब आधी तांब्या-भांडं पुढे करायचा.

"आधी पानी घे गो. मंग सांग, तुला काय काय येतं?"

मी पाणी प्यायचे, भांडं खाली ठेवायचे आणि न अडखळता उत्तर द्यायचे. आम्ही दोघी खूश!

वाशिंदला मला खुर्ची मिळाली, प्रश्न मिळाला, पाणी काही मिळालं नाही. पाठ केलेलं सगळं त्या न आलेल्या पाण्यामागे अडकून बसलं. टेबलापलीकडच्या मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने. मला रडू फुटणार होतं. ही नोकरीही हातची जाणार हे दिसत होतं, आणि त्याहून जास्त आईचं तोंड दिसत होतं.

"मॅडम, मी ऑटिस्टिक आहे," मी टेबलाकडे बघत म्हणाले. "मला आधी पाणी द्याल का? मग मी बोलेन."

त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या जगमधून स्वतः पेला भरून घेऊन आल्या. मी प्यायले, पेला खाली ठेवला आणि बोलत सुटले. शेवटी त्यांनाच मला थांबवावं लागलं.

घरी आले तेव्हा आई ओटीवरच होती. नोकरीचं तिने विचारलंच नाही.

"पानी दिलं का गो त्यांनी?"

"मी मागितलं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. शाळेत तहानेने घसा कोरडा पडला तरी बाईंपुढे तोंड न उघडणारी तिची पोर. तिचे डोळे भरून आले. सोमवारपासून कामावर बोलावलंय, हे मला तिला दोनदा सांगावं लागलं.