तिसरा पुकारा

चिनू, अवनी, तुमची आजी भुतांच्या गोष्टी वाचते ती शुद्धलेखनाच्या चुका काढायला, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण कधी एकदा सांगते असं झालंय!

मुरबाडची तुमची शेवंताआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आता जवळजवळ बहिरी आहे. तिच्या राहत्या घराचा दावा कोर्टात होता. त्या दिवशी ती हजर नसती तर दावाच फेटाळला गेला असता. म्हणून शहापूरहून मी सोबतीला गेले.

आमचा नंबर बराच खाली होता. मग मी तिला रस्त्यापलीकडचं जुनं, बंद पडलेलं कोर्ट दाखवायला ओढत नेलं. काय इमारत आहे! काळ्या दगडाच्या भिंती, कमानींचा व्हरांडा, वर कौलं. भिंतीत आरपार एक भोक – त्यातून दोरी बाहेर यायची आणि बाहेर बसलेला माणूस साहेबांचा पंखा ओढायचा. दोरीने दगडाला खाच पडली आहे. मी त्या खाचेत बोट घालून दाखवत होते, तेवढ्यात शेवंताने माझा दंड धरला.

"जाऊबाय, मला पुकारलं."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि तिचं कानाचं यंत्र तर पदराच्या गाठीत – सेल वाचवायला!

"म्हातारा मानूस हाय. दोनदा झालं. तिसऱ्याला नाय गेलो तर घर गेलं गो."

ती धावलीच. मागून मी.

नव्या कोर्टात समोरच्या वकिलांना घाई म्हणून आमचं प्रकरण आधीच घेतलं होतं. आमचे वकील दुसऱ्या खोलीत अडकलेले. दारातली शिपाई तिसऱ्यांदा नाव घ्यायला तोंड उघडतच होती.

"हजर!" शेवंता एवढ्या जोरात म्हणाली की न्यायाधीशही हसले.

साक्ष झाल्यावर मी त्या शिपाई मुलीला विचारलं, पुकारा देणारे म्हातारे गृहस्थ कोण?

"म्हातारं कोनी नाय आजी. मीच देते."

तिचा नाजूक आवाज मला शेजारी उभं राहूनही जेमतेम ऐकू येत होता.

परतताना शेवंता यंत्र कानात घालून त्या जुन्या व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिली. काही ऐकू येतंय का, विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाली. मग डोक्यावरून पदर घेतला आणि बंद दाराला म्हणाली, "पोचले हो बाबा. टायमात पोचले."

जन्मभर मी मुलांना 'कारण' लिहून वाक्य पूर्ण करायला शिकवलं. आज कितीदा तरी 'कारण' लिहिलं... पुढे काही सुचत नाही.