पतंगाचा डोळा आणि गोल डाग

चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटीला होते, तिथं गाडीच्या मीटरवर बसणाऱ्या काचा बनत. नावाला काच, खरं तर प्लॅस्टिकच. तिच्यावर ऊन पडलं तरी चकाकी येऊ नये म्हणून वरच्या थरात अतिशय बारीक उंचवटे उठवलेले असत. ही युक्ती दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाची. त्याच्या डोळ्यावर असेच उंचवटे असतात, त्यामुळे प्रकाश उलट न फिरता आत शिरतो. आमच्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नसत. पण चुकून बोट लागलं, की अंगचं तेल त्या फटींत भरायचं आणि तेवढाच ठिपका चमकायचा.

तपासणीच्या टेबलावर जवळच्याच निघोजे गावातल्या एक ताई बसत. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. काच दिव्याखाली एकदा तिरकी केली की त्यांना खोट दिसे.

एका उन्हाळ्यात काचांवर डाग येऊ लागले. माल परत आला. कुणाचा हात लागतोय, असं साहेबांनी विचारलं. ताईंच्या तळव्यांना घाम यायचा, त्या सारखे हातमोजे बदलायच्या, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी फार खोलात शिरले नाही. रिपोर्टात ‘हाताळणीतली चूक’ असं लिहून पुढं त्यांचं नाव घातलं. त्यांना पॅकिंगला पाठवलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “मॅडम, माझा हात न्हाई लागला.”

मी ‘बघू’ म्हणाले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून संत तुकाराम नगरला उतरेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. माझे वडील पिंपरीत एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. कामावर ठपका आला की ते घरी कसे गप्प बसत, ते मी लहानपणी पाहिलेलं होतं.

ताई टेबलावर नसतानाही डाग येतच राहिले. आधीचाच माल असेल, असं आम्ही स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई एक बाद झालेली काच कागदात गुंडाळून माझ्याकडं आल्या. खिडकीशी नेऊन त्यांनी डागाशेजारी आपला अंगठा दाबला.

“ह्यो माझा, लांबट. आन् ह्यो डाग बगा, पार गोल हाय. माणसाचं बोट असं उठत न्हाई.”

काचा हवेनं ओढून उचलणाऱ्या मशीनला रबरी वाट्या होत्या, त्या नुकत्याच बदललेल्या. मी एक काढून कोऱ्या काचेवर दाबली. तसाच गोल डाग उमटला. नव्या रबरातून तेल सुटत होतं.

वाट्या बदलल्या, डाग थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्या लाईनसमोर मी सांगितलं, की चूक ताईंची नव्हती. नीट न तपासता मीच त्यांचं नाव लिहिलं. ताई खाली मान घालून उभ्या होत्या.

मीटिंग सुटल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“त्यो कागद बदलला का?”

मी नवा रिपोर्ट पुढं ठेवला. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग त्याची झेरॉक्स मागितली.

“मला टेबलावरनं काढलं, ह्ये घरात समद्यांना ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “आता ह्येबी दावते.”

झेरॉक्सची घडी घालून त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि हातमोजे चढवून तपासणीच्या टेबलावर आपल्या जागी जाऊन बसल्या.