अक्कलकोट रोडवरची ट्रायल

त्या वर्षी मी औषधांच्या एका कंपनीचा प्रतिनिधी होतो. आठवड्यातले चार दिवस बार्शी, माळशिरस, नातेपुते असे दवाखाने फिरायचे आणि उरलेले दिवस सोलापुरात. सगळा प्रवास एसटीचा. डॉक्टर भेटायची वेळ आणि एसटीची वेळ कधी जुळली नाही. गाडी घ्यायची हे डोक्यात पक्कं बसलं होतं. साधी दोनशे पन्नास सीसीची मोटारसायकल कुणीही घेतली असती, पण मला ती नको होती. मला त्या ट्रकमालकाची गाडी हवी होती.

हा माणूस आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्याचे तीन-चार मालट्रक होते आणि गळ्याशी घट्ट बसणारा शर्ट घालायची सवय होती. त्याची मोटारसायकल सगळ्या पेठेला माहीत होती. लष्कराच्या लिलावातून आणलेली, विलायती, पाचशे सीसीची, दोन सिलिंडरची. त्यानं तिच्या अंगावरचं एकेक काढून टाकलं होतं. मागचं मडगार्ड नाही, चेनवरचं कव्हर नाही, बाजूचे डबे नाहीत, नंबराची पाटीसुद्धा नाही. नुसतं इंजिन, टाकी आणि दोन चाकं. पोरं तिला 'नागडी' म्हणायची. ती सुरू झाली की यंत्रमागांच्या खडखडाटातही कळायचं, निघाला म्हणून.

दिवाळीनंतर एक दिवस कळलं, तो गाडी विकतोय. मी सकाळीच गेलो. सायकल त्याच्या दाराशी लावली. तो अंगणात दात घासत उभा होता.

"ट्रायल मारून बघा की," तो म्हणाला. "मग बोलू. तुमची बॅग तेवढी राहू द्या इथं."

बॅगेत औषधांचे नमुने होते. मी ठेवली.

"आणि होटगी रोडनं जा. अक्कलकोट रोडवर खडी पसरलीय, घसराल."

किक मारली तर ती उलटी आली. घोट्यावर असा फटका बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली. तो हसला. "मारते ती. दाबून धरा." दुसऱ्या वेळी सगळं वजन टाकून मारली आणि ती पेटली. पेटली हाच शब्द. हाताखाली, मांड्यांमध्ये, दातांत ती थरथरत होती. मी क्लच सोडला तर पुढचं चाक क्षणभर हलकं झालं आणि मी गल्लीतून बाहेर फेकलाच गेलो.

होटगी रोडला लागलो, पण तिथं कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, आणि तिचा शेवट दिसत नव्हता. असल्या गाडीची ट्रायल बैलांच्या मागून कशी घेणार? मी वळवली आणि आडव्या रस्त्यानं अक्कलकोट रोडवर आलो. खडी कुठंच नव्हती. उलट नवं डांबर होतं, काळं आणि मोकळं. त्याला चुकीचं कळलं असेल असं वाटलं.

शहर मागं पडल्यावर मी मूठ पिळली. तोवर मी चालवलेल्या गाड्या विनंती केल्यासारखं ऐकायच्या. ही हिसका द्यायची. खांदे मागं ओढले गेले, मान ताठ झाली, वारा तोंडात शिरून गाल फडफडायला लागले. एक किडा कपाळावर येऊन आदळला तो गोटी मारल्यासारखा. दोन्ही बाजूंची शाळूची रानं नुसती हिरवी पट्टी झाली. मी ओरडत होतो, काय ते माहीत नाही. भांडताना माणूस जसा ओरडतो तसं. हँडल सरळ ठेवायला मनगटं झुंजत होती, आणि ती गाडी मला टाकायला बघतेय आणि मी तिला दाबून ठेवतोय, यात एक रानटी सुख होतं. ते सुख मी अजून नाकारत नाही.

एका गावाच्या अलीकडे बाभळींची रांग होती. तिथं रस्त्यावर बैलगाडी आडवी उभी होती. बैल सोडलेले. मला ते उशिरा दिसलं. ब्रेक दाबले, पण त्या गाडीला पळायचं जेवढं माहीत होतं तेवढं थांबायचं नव्हतं. मागचं चाक सरकलं, ती आडवी झाली आणि माझा पाय खाली धरून फरफटत गेली. तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला होता. पँट जळल्याचा आणि कातडी जळल्याचा वास एकदमच आला.

गाडी थांबली तेव्हा इंजिन चालूच होतं. मी पाय ओढून काढला. बाभळींमागून पाच-सहा माणसं धावत येत होती. मदतीला येतायत असंच वाटलं मला. मी हात वर करून म्हणालो, "फार लागलं नाही."

पहिलं दांडकं त्याच हातावर बसलं.

दुसरं पाठीत. मी खाली पडलो तशा लाथा सुरू झाल्या. कुणी काही विचारत नव्हतं. एकानं माझी मान डांबरावर दाबून धरली. तोंडात धूळ आणि रक्त. "काय केलंय मी? कोण तुम्ही?" मी विचारत होतो, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघत होता. मान दाबणारा हात तोंडाजवळ सरकला तसा मी त्याला चावलो. दात रुतेपर्यंत चावलो. तो हात सुटला, मी गुडघ्यावर उठलो आणि समोर जो होता त्याच्या पोटात डोकं घातलं. तेवढंच जमलं.

त्यांच्यात एक काटक तरुण होता. बाकीचे शिव्या देत मारत होते, हा गप्प होता. त्याच्या हातात लोखंडी पहार होती. ती उजव्या खांद्यावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला, वाळकं लाकूड मोडावं तसा.

मी पडल्यावर तो गाडीकडं वळला. टाकीवर घाव घातले, हेडलाइट फोडला, चाकाच्या तारा तोडल्या. पेट्रोल रस्त्यावर ओघळलं. इंजिन आचके देत बंद पडलं आणि मग कुणीतरी काडी ओढली. भडका माझ्यापासून इतका जवळ होता की भुवया करपल्या. जाळाआडून तो पहार घेऊन परत माझ्याकडं येताना दिसला. आता तो सावकाश येत होता.

तेवढ्यात बाई आली. कडब्याच्या बाजूनं, हातात विळा. ती कानडीत ओरडत होती. आमच्याकडं कानडी कानावर असते, मला शब्द कळले. "बिड्री, बिड्री." सोडा, सोडा. तिनं माझे केस धरले आणि डोकं मागं ओढलं. मला वाटलं आता विळा. पण ती नुसती बघत होती. माझ्या तोंडावरचं रक्त तिनं पदरानं पुसलं, मायेनं नव्हे, दिसावं म्हणून. मग केस सोडले.

"इंव अल्ल," ती म्हणाली. हा नव्हे. मग मराठीत, त्या पहारवाल्याला, "ह्यो न्हाय भाऊजी. त्यो दुसरा हुता."

"गाडी तीच हाय की," तो म्हणाला.

"गाडी तीच. मानूस न्हाय."

गाडी जळत होती आणि तिचं रबर तडतडत होतं. ज्याला मी चावलो होतो तो हात काखेत धरून दूर जाऊन बसला.

हकीगत मला बैलगाडीत कळली. त्याच आडव्या लावलेल्या गाडीला बैल जुंपून, खाली कडबा टाकून त्यांनी मला शहराकडं आणलं. हाकायला तो पहारवालाच होता. त्या बाईचा धाकटा दीर. तिचा नवरा रोज सायकलवर दुधाच्या किटल्या बांधून सोलापूरला दूध घालायचा. दिवाळीच्या आधी याच जागी त्याला मागून नागड्या गाडीनं उडवलं. ती बांधावर चाऱ्याचा भारा घेऊन उभी होती. चालवणारा पुढं जाऊन थांबला, मान वळवून बघितलं आणि निघून गेला. नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकीत गेले तर गाडीचा नंबर विचारला. नंबर असता तर सांगितला असता. तेव्हापासून बैलगाडी बाभळींपाशी तयार ठेवलेली, तो आवाज लांबून आला की रस्त्यात आडवी लावायची.

"मग तुमी कोन?" दीरानं विचारलं. चाकाला हिसका बसला की माझ्या खांद्यात सुरी फिरायची.

"मी गाडी बघायला आलो होतो. घ्यायची होती."

"कुनाची?"

मी सांगितलं. घर कुठं, ट्रक किती, सगळं. तो पुढं बघत ऐकत राहिला.

"तो मला म्हणाला होता, अक्कलकोट रोडला जाऊ नका," मी म्हणालो. हे बोलतानाच मला त्याचा अर्थ लागला.

दवाखान्यात खांदा बांधला, पोटरीची जळालेली कातडी कापून काढली. तिसऱ्या प्रहरी ट्रकमालक माझी बॅग घेऊन आला. माझी बायको उशाशी बसली होती. त्यानं बॅग खाटेखाली सरकवली आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

"जाळली."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "असं करा, पडलो म्हणून सांगा. घसरून पडलो, टाकी फुटली. मीही काही मागत नाही, विषय मिटला."

बायको तशी शांत बाई. तिनं विचारलं, "अक्कलकोट रोडनं जाऊ नका असं का सांगितलंत ह्यांना?"

"खडी होती."

"खडी नव्हती."

तो उठला. "बघा बाई, आजारी माणसासमोर वाद नको," म्हणाला आणि गेला.

मी हवालदाराला सगळं खरं सांगितलं. एक गोष्ट सोडून. पहार कुणाच्या हातात होती ते मला ओळखता येणार नाही, असं म्हणालो. त्या घरात धारा काढायला आणि दूध घालायला आता तो एकटाच उरला होता, आणि मला सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवायचा होता. हवालदार जुना होता. त्यानं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं, मग पुढं लिहिलं.

काही दिवसांनी चौकीत आम्हा सगळ्यांना बोलावलं. मी उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून गेलो. बाई आणि दीर बाहेर व्हरांड्यात बसले होते. आत ट्रकमालक खुर्चीवर, तोच गळाबंद शर्ट. हवालदारानं त्याला दिवाळीच्या आधीचं विचारलं.

"मला काय माहीत साहेब," तो शांतपणे म्हणाला. "गाडी तेव्हा ह्यांच्याकडंच होती ट्रायलला. चांगली आठ-पंधरा दिवस. ह्यांनीच उडवला असेल तो दूधवाला. आता माझं नाव घेतायत."

त्यानं हे माझ्याकडं बघत सांगितलं. डोळा हलला नाही. ज्यांनी मला मारलं त्यांच्या समोर, दार उघडं असताना, तो मला पुन्हा त्यांच्या हातात देत होता.

मी उठलो कधी ते आठवत नाही. उजवा हात बांधलेला, म्हणून डावा मारला. डावखुरा नसूनही मारला आणि तोंडावर नेमका बसला. तो खुर्चीसकट मागं गेला. मी त्याच्या अंगावर पडलो, मोडका खांदा ठणकून उठला, तरी मी मारत राहिलो. ओठ फुटला, एक दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. हवालदार धावला खरा, पण टेबलाला वळसा घालून, आणि ते टेबल काही एवढं मोठं नव्हतं. त्यानं मला कॉलर धरून उचललं आणि बाकावर बसवलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. मला बरं वाटत होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

मग त्यानं बाईला आत बोलावलं. ट्रकमालक रुमालानं तोंड दाबून उभा होता. "ह्या दोघांतला कोण?" हवालदारानं विचारलं.

"तो रुमाल काडाय सांगा," ती म्हणाली.

तो रुमाल काढेना. हवालदारानं काढला. ती त्याच्यासमोर हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही, शिवी नाही.

"ह्यो. ह्येनंच वळून बगितलं."

ट्रकमालकावर केस उभी राहिली आणि मग वर्षानुवर्षं चालली. तारखांना आम्ही सगळे यायचो. तिचा नवरा कुबडीवर यायचा आणि सावलीत बसायचा. ट्रकमालक वकिलाबरोबर जीपमधून यायचा. मी परत एसटीनं बार्शी आणि माळशिरस करायला लागलो होतो. उजवा हात खांद्याच्या वर जायचा नाही, तो अजूनही जात नाही. एसटीत वरचा दांडा मी डाव्या हातानं धरायचो.

एका तारखेला पुकारा व्हायला उशीर होता. कोर्टाच्या आवारात बाकावर मी आणि तो दीर शेजारी शेजारी होतो. दुसरी जागा नव्हती. तो म्हणाला, "खांदा दुखतो का?"

"थंडीत दुखतो."

"दुखंलच की. हाड हाय ते." त्यानं तंबाखू मळली, मला विचारली, मी नको म्हणालो. मग तो समोर बघतच बोलला. "वैनी आली नसती तर मी डोस्क्यातच घालनार हुतो. ठरलंच हुतं माजं."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मी बघत होतो ना."

त्यानं मान हलवली. माफी मागितली नाही आणि मलाही ती नको होती. खरं ते त्यानं सांगितलं होतं, एवढं पुरे होतं. आतून शिपायानं पुकारा केला. आम्ही दोघं उठलो, आणि त्याच्या भावाला उभं करायला तो सावलीकडं गेला तेव्हा मी पलीकडच्या बाजूनं भावाची काख धरली, डाव्या हातानं.