जाळीपर्यंत आलेली वेल

सुभानपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक काकी राहतात. त्यांच्या गॅलरीतली कृष्णकमळाची वेल माझ्या जाळीपर्यंत चढलीये. तिची पानं उकळून काकी रोज पितात, म्हणतात जीव शांत राहतो, पण पितानासुद्धा घरभर फेऱ्या मारतात आणि वेलीला त्यांचा गुजराती "ने" लावून सांगतात, "इकडे वळ ने, बाई."

परवा माझं तीन महिन्यांचं बाळ सकाळपासून रडत होतं, गप्पच होईना, मी इतकी घाबरले की जाळीतून चार पानं तोडून उकळली, वाटीत चमचा घातला आणि तेवढ्यात काकी दारात. वासानंच कळलं त्यांना.

"किती पाजलंस?"

"अजून काहीच नाही, काकी."

त्यांनी वाटी मोरीत ओतली. "बाळाला नाही द्यायचं हे. अंगावर पाजतेस, तुलाही नाही." मग आम्ही दवाखान्यात गेलो, त्याचा कान दुखत होता.

दुसऱ्या दिवशी बघते तर काकी खाली त्यांच्या गॅलरीत स्टुलावर चढून माझ्या जाळीवरची वेल कात्रीनं कापतायत, कळ्यांसकट. मला रडूच आलं. म्हटलं, "मी पुन्हा नाही तोडणार, काकी."

"वेल परत येईल ने," म्हणाल्या, आणि कापतच राहिल्या.