झडती सांगून घ्यावी

कुठलंही फाटक दिसलं, की डोंगरेकाका आपणहून दोन्ही हात वर करीत. मॉल असो की दवाखाना. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सारी नोकरी गेली. सुटी झाली की रोज गेटवर झडती व्हायची, ती सवय निवृत्तीनंतरही अंगातून गेली नाही. कांचघर मोहल्ल्यात त्यांची-आमची भिंतीला भिंत. मी चिडवायचे, "काका, इथं कोणी मागितली तरी का झडती?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "झडतीचं वाईट नाही वाटत, पोरी. फक्त सांगून घ्यावी." काका गेले, पण ते वाक्य आता माझ्या तोंडी आहे.

गोष्ट पोटात ठेवावी ती काकांनीच. कारखान्यात आपण काय बनवतो, हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही. काकू म्हणायच्या, "दारूगोळ्याशी संसार केला, पण तो गोल की लांब, मला नाही माहीत."

मग काकूंचं पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकांना एकट्याला आत बोलावलं, आणि काका बाहेर येऊन म्हणाले, "ॲसिडिटी आहे." मला मात्र खरं सांगितलं. गाठ होती, आणि चांगली नव्हती. "हिंमत झाली की मीच सांगीन तिला," म्हणाले. तोवर व्हरांड्यात बसून मोबाइलवर नागपूरचे कॅन्सरचे दवाखाने शोधत राहिले.

एके दिवशी मी त्यांच्याकडे बसले होते. काकूंनी आपला मोबाइल आमच्यापुढे धरला. वर जाहिरात, पोटाच्या कॅन्सरवर उपचार, नागपूर. "अहो, मी भरली वांगी पाहून राहिले होते. माझ्या मोबाइलवर हे काहून येऊन राहिलं?" दोघांचे मोबाइल घरातल्या एकाच इंटरनेटवर चालायचे. काकांचा चेहरा उतरला. काकूंनी तो पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला.

काका तसेच उठले आणि मला घेऊन बड़ा फुहारा चौकातल्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात पोचले. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अंकल, आपके कनेक्शन पर जो देखा जाता है, उसी हिसाब से ऐड आते हैं. मंज़ूरी तो आपने ही दी थी."

काकांनी आवाज चढवला नाही. "बेटा, फैक्टरी में ज़िंदगीभर तलाशी दी है. पर दरबान सामने खड़ा रहता था. और मेरी जेब का सामान मेरी घरवाली को नहीं दिखाता था." आणि खुर्ची ओढून बसले. मॅनेजर आले, कुरकुरले, पण काकांच्या कनेक्शनवरची पाळत बंद करून दाखवेपर्यंत काका जागचे हलले नाहीत. असा चिवट माणूस. मला भारी अभिमान वाटला त्यांचा.

घरी येऊन म्हणाले, "बंद करवून आलो. आपल्या घरातलं आता कोणी चोरून नाही पाहणार."

काकू मेथी निवडत होत्या. "चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "कारखान्यातलं तुम्ही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते सरकारचं होतं. पण हे पोट तर माझं आहे ना? ते माझ्यापासून काहून लपवलं?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या काकांनी हळूच दोन्ही हात वर केले.

काकूंनी मेथी बाजूला सारली. "खाली करा हात. बसा इथं. डॉक्टर काय म्हणाले, पहिल्यापासून सांगा."